मामांचा बावटा आणि मित्राचा बावटा

पत्र : आमचे घर बेळगावच्या वडगावचे. घरात चार यंत्रमाग आहेत. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो, दोन कामगार आहेत. वडील महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. मामा निपाणीला विडी कामगारांच्या लाल बावट्यात तीस वर्षे आहेत आणि मार्क्सवादी पक्षाचे सभासद आहेत. माझा कॉलेजातला मित्र ‘एमएल’वाल्यांकडे, म्हणजे मार्क्सवादी-लेनिनवाद्यांकडे, गेला आहे. तो मामांना रिव्हिजनिस्ट म्हणतो आणि मामा त्याला पोरकट म्हणतात. दिवाळीत दोघांचे आमच्याच घरी कडाक्याचे भांडण झाले, तेव्हापासून मित्र घरी येत नाही. वडील म्हणतात, या लाल बावट्यांनी सीमाभागातल्या मराठी माणसासाठी काय केले ते आधी सांगा. आता मामांनी माझ्याकडे सभासदत्वाचा विषय काढला आहे. सगळे मार्क्सचेच नाव घेतात, मग भांडण कशाचे? भाकप, माकप, माओवादी, ट्रॉट्स्कीवादी यांच्यात नेमका फरक काय आणि मी कोणाचे खरे मानू?

उत्तर :

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून गेला आहात. घरात चार माग आहेत, सूत व्यापाऱ्याचे आहे, मिळते ती मजुरी आहे आणि दोन माणसे कामाला आहेत. मग तुमचे वडील मालक की कामगार? व्यापाऱ्यासमोर बिल मागायला उभे राहतात तेव्हा ते मजूर असतात आणि शनिवारी दोन कामगारांचा हिशेब करतात तेव्हा मालक असतात. कम्युनिस्ट पंथांमधली बहुतेक मोठी भांडणे या प्रश्नाभोवतीच झालेली आहेत, असे मी सांगितले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण ते खरे आहे. तुमच्या वडिलांसारखा माणूस, आणि त्याच न्यायाने चार एकर तंबाखू लावणारा शेतकरी, क्रांतीच्या कामात कोणाच्या बाजूला उभा राहणार, त्याला बरोबर घ्यायचे की नाही, घ्यायचे तर पुढारपण कोणाकडे ठेवायचे, याचे जे उत्तर आपण देऊ त्यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो.

मार्क्स आणि एंगेल्स यांनी १८४८ साली जाहीरनामा लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कारखान्यांचा युरोप होता, आणि समाज भांडवलदार व कामगार अशा दोन मोठ्या छावण्यांत विभागत जाईल अशी त्यांची मांडणी होती. प्रत्यक्षात क्रांतीचा प्रश्न तातडीने उभा राहिला तो रशियात, जिथे कारखाने थोडे आणि शेतकरी अफाट होते. तिथल्या समाजवादी पक्षातल्या मेन्शेविक गटाचे म्हणणे असे की ही क्रांती भांडवली लोकशाहीची आहे, तिचे पुढारपण भांडवलदारवर्गच करील आणि कामगारांची पाळी नंतर येईल. लेनिनला हे मान्य नव्हते. रशियातला भांडवलदारवर्ग भित्रा आहे, म्हणून लोकशाही क्रांतीसुद्धा कामगार आणि शेतकरी यांच्या युतीनेच केली पाहिजे, असे त्याचे मत होते. ट्रॉट्स्की १९०५ च्या क्रांतीच्या अनुभवातून आणखी पुढे गेला आणि म्हणाला की एकदा कामगार सत्तेवर आले की ते लोकशाहीच्या टप्प्यावर थांबूच शकत नाहीत, त्यांना समाजवादाकडे जावेच लागेल आणि ती क्रांती इतर देशांत पसरली नाही तर टिकणार नाही. हीच त्याची अखंड क्रांतीची कल्पना होय. लेनिनच्या मृत्यूनंतर १९२४ साली स्टालिनने याच्या विरोधात एकाच देशात समाजवाद उभारता येतो ही भूमिका पुढे आणली आणि जगभरचे पक्ष तिच्यामागे गेले. ट्रॉट्स्कीला १९२९ साली देशाबाहेर काढले, त्याने १९३८ साली चौथी इंटरनॅशनल ही आपल्या पंथाची जागतिक संघटना स्थापन केली आणि १९४० साली मेक्सिकोत त्याचा खून झाला. माओने चीनमध्ये याच प्रश्नाला चौथे उत्तर दिले : क्रांतीची मुख्य ताकद शेतकरी, पुढारपण कामगारांच्या पक्षाचे, आणि परकीय भांडवलाच्या विरोधात असलेला देशी भांडवलदारसुद्धा काही काळ सोबत. तुमच्या वडिलांना या चौघांपैकी कोणी कुठे बसवले असते याचा विचार करून पाहा, म्हणजे ही नावे पाठांतराची राहणार नाहीत.

आता मामांच्या पक्षाकडे येऊ. भारतीय कम्युनिस्ट पक्ष १९६४ साली फुटला तो चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धामुळे, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. युद्धाने ठिणगी टाकली हे खरे आहे, पण मतभेद जुना होता आणि तो स्वतंत्र भारताचे राज्य कोणाचे आहे याविषयीचा होता. भाकपचे म्हणणे असे की सत्ता एकूण राष्ट्रीय भांडवलदारवर्गाची आहे, त्यात साम्राज्यवादाला विरोध करणारा पुरोगामी भाग आहे, आणि त्याच्यासह राष्ट्रीय लोकशाही आघाडी उभारून पुढे जाता येईल. एप्रिल १९६४ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ सभासद बाहेर पडले. त्यातून जो मार्क्सवादी पक्ष, म्हणजे माकप, झाला त्याचे म्हणणे असे की राज्य भांडवलदार आणि जमीनदार या दोघांचे आहे, पुढारपण बड्या भांडवलदारांचे आहे आणि ते परकीय भांडवलाशी हातमिळवणी करत चालले आहेत. म्हणून जनतेची लोकशाही क्रांती कामगारवर्गाच्याच नेतृत्वाखाली झाली पाहिजे आणि जमिनीचा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी असला पाहिजे. कागदावर हा फरक शब्दांचा वाटतो. त्याचे वजन १९७५ साली कळले : पुरोगामी भांडवलदाराशी आघाडी या सूत्राने भाकपने आणीबाणीला पाठिंबा दिला, माकपने विरोध केला, आणि भाकपला १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात आपली चूक मान्य करावी लागली. एखाद्या पंथाची मांडणी बरोबर आहे की नाही हे त्याच्या पुस्तकापेक्षा अशा एखाद्या वर्षी अधिक स्वच्छ दिसते, असे माझे मत आहे; म्हणून मामांना त्यांच्या पक्षाच्या कार्यक्रमाबद्दल विचारण्याच्या आधी, आणीबाणीत निपाणीतल्या जुन्या माणसांनी काय केले याच्या ज्या गोष्टी त्यांनी ऐकल्या असतील त्या विचारा.

तुमचा मित्र ज्या परंपरेतून बोलतो ती १९६७ च्या मे महिन्यात दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबारीत सुरू झाली. त्या वेळी पश्चिम बंगालच्या आघाडी सरकारात मार्क्सवादी पक्ष स्वतः होता, आणि त्याच सरकारच्या पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळीबार केला. ही जखम त्या परंपरेत अजून ओली आहे, मामांनी ती समजून घ्यायला हवी. २२ एप्रिल १९६९ रोजी चारू मजुमदार आणि त्यांच्या साथीदारांनी मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष स्थापन केला. त्यांच्या मते भारत अर्धसरंजामी आणि अर्धवसाहतिक आहे, इथले बडे भांडवलदार दलाल आहेत, स्वातंत्र्य खरे नाही, आणि म्हणून चीनच्या वाटेने, खेड्यांतून सशस्त्र लढा उभारून नवलोकशाही क्रांती करावी लागेल. पुढे या पक्षाचे अनेक तुकडे झाले. लिबरेशन गट निवडणुका लढवतो, विधानसभेत बसतो. दुसरीकडे २००४ साली दोन सशस्त्र गट एकत्र येऊन माओवादी पक्ष झाला, त्याने निवडणुकीवर बहिष्कार घातला. या दोन टोकांना एकाच नावाने ओळखणे चूक आहे. तुमचा मित्र नेमका कोणाबरोबर आहे हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि मला शंका आहे की तुम्ही त्याला विचारलेलेही नाही. आधी विचारा.

सशस्त्र मार्गाबद्दल माझे मत मी लपवत नाही. वर्गशत्रूंना एकेकाला ठार मारण्याची मजुमदारांची रीत त्यांच्या चळवळीतल्याच अनेकांनी नाकारली, आणि लोकांना बाजूला ठेवून बंदुकीने बोलणाऱ्या पक्षाला शेवटी लोकांचे ऐकू येत नाही असे मला वाटते. तुमचा मित्र त्या दिशेने ओढला जात असेल तर त्याच्याशी बोलणे थांबवू नका, कारण अशा वेळी दूर गेलेले मित्र परत मिळत नाहीत. पण एक गोष्ट मामांच्याही कानावर घाला. मामांच्या युनियनमधल्या बायका ज्या तेंदूपानात तंबाखू भरून विडी वळतात ते पान मध्य भारताच्या जंगलातून येते, आणि १९८० च्या दशकात दंडकारण्यात नक्षलवाद्यांनी आदिवासींमध्ये पाय रोवले ते इतर गोष्टींबरोबरच पानाच्या पुडक्याची मजुरी वाढवून घेऊन. पान तोडणारी बाई आणि विडी वळणारी बाई या एकाच मालाच्या दोन टोकांना बसलेल्या आहेत. त्यांच्या बाजूने बोलणारी दोन माणसे तुमच्या सोप्यात एकमेकांना शिव्या देऊन उठली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

‘रिव्हिजनिस्ट’ या शब्दाबद्दल. मराठीत याला दुरुस्तीवादी म्हणतात. १८९९ च्या सुमारास जर्मनीतल्या समाजवादी पक्षाच्या बर्नस्टाईनने असे म्हटले की भांडवलशाही कोसळण्याची वाट न पाहता मतपेटी, युनियन आणि कायदे यांच्या जोरावर टप्प्याटप्प्याने समाजवाद आणता येईल. त्याला दुरुस्तीवादी म्हटले गेले आणि त्याच पक्षातल्या रोझा लक्झेंबर्गने त्याला सडेतोड उत्तर दिले. १९५६ साली ख्रुश्चेव्हने स्टालिनवर टीका केली आणि शांततामय मार्गाची व सहजीवनाची भाषा केली, आणि पुढे चीनने तोच शब्द रशियाला लावला. मार्क्सवाद्यांनी १९६४ साली तो भाकपला लावला आणि तीन वर्षांनी नक्षलबारीवाल्यांनी मार्क्सवाद्यांना. तेव्हा हा शब्द ऐकल्याबरोबर, कोणत्या दुरुस्तीला हरकत आहे, असा प्रतिप्रश्न करावा. विडी कामगारांसाठी १९६६ साली झालेला कायदा ही सुधारणाच होती. त्यामुळे कामाचे तास, पगारी रजा यांचे नियम आले. लक्झेंबर्गसुद्धा अशा सुधारणांच्या विरोधात नव्हती. तिचा आक्षेप होता तो सुधारणा हेच अंतिम उद्दिष्ट मानण्याला. मामांनी तीस वर्षे हजार विड्यांच्या मजुरीसाठी मोर्चे काढले म्हणून ते दुरुस्तीवादी ठरत नाहीत.

आता वडिलांचा प्रश्न. तो टोमणा म्हणून विचारला गेला असेल, पण तुमच्या पत्रातला तोच प्रश्न मला सर्वांत खोल वाटतो, आणि या विषयावर कम्युनिस्टांमध्ये जितका समृद्ध वाद झाला तितका फार थोड्या विषयांवर झाला असेल. पहिले महायुद्ध सुरू होण्यापूर्वी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, आपल्या बेळगाव-निपाणीसारखीच, एकाच गल्लीत तीन भाषा बोलणारी शहरे होती. तिथल्या ओटो बाउअर आणि कार्ल रेनर या समाजवाद्यांनी असा तोडगा काढला की राष्ट्रीयत्व जमिनीला न बांधता माणसाला बांधावे. ज्याची जी भाषा असेल त्या भाषकांनी, ते कुठल्याही प्रांतात राहत असोत, आपल्या शाळा आणि सांस्कृतिक संस्था स्वतः चालवाव्यात. मराठी शाळा टिकवण्यासाठी धडपडणाऱ्या इथल्या कोणालाही हा विचार जवळचा वाटेल. लेनिन आणि स्टालिन यांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण कामगारांची मुले भाषेप्रमाणे वेगळ्या संस्थांमध्ये वाटली गेली की कामगारवर्गच वाटला जाईल अशी त्यांना भीती होती. पण हेच लेनिन दुसऱ्या टोकालाही विरोध करत होते. पोलंडमध्ये जन्मलेल्या लक्झेंबर्गचे मत होते की राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची मागणी कामगारांना आपापल्या भांडवलदारांच्या मागे नेते. लेनिनने १९१४ साली तिला उत्तर दिले की वरचढ राष्ट्रातल्या कामगाराने दुबळ्या राष्ट्राचा अलग होण्याचा हक्क मान्य केला पाहिजे, आणि दुबळ्या राष्ट्रातल्या कामगाराने एकजुटीवर भर दिला पाहिजे, तरच दोघांमध्ये विश्वास राहील. त्याच वर्षी त्याने राज्यभाषेच्या सक्तीविरुद्ध एक छोटा लेख लिहिला. लोकांना पोटापाण्यासाठी जी भाषा लागते ती ते आपण होऊन शिकतात, सक्ती केली की मात्र ते तिच्यापासून दूर जातात, असा त्याचा युक्तिवाद आहे, आणि दाखला स्वित्झर्लंडचा आहे. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध इथे काय घडले ते तुमच्या वडिलांनी पाहिले आहे. हा लेख त्यांना वाचून दाखवा.

भारतात गंगाधर अधिकारी या मराठी कम्युनिस्टाने मांडलेला ठराव पक्षाने १९४२ साली स्वीकारला. त्यात भारत हा अनेक राष्ट्रीयत्वांचा देश मानला होता आणि त्या यादीत महाराष्ट्रीय आणि कर्नाटकी अशी दोन्ही नावे होती. त्याच ठरावातून पाकिस्तानच्या मागणीला बळ मिळाले, ही त्याची मोठी चूक पुढे पक्षालाही सोडून द्यावी लागली, पण भाषावार प्रांतांची मागणी पक्षाने सोडली नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीत १९५६ पासून कम्युनिस्ट पक्ष घटक होता. पक्षाचे नेते डांगे व्यासपीठावर होते, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या आवाजाने गावोगावच्या सभा भरत होत्या. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील तर अखेरपर्यंत सीमाप्रश्नाशी बांधलेले राहिले. खेडे हा घटक, सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही सीमा ठरवण्याची आपली चार सूत्रे कुठल्याही लोकशाहीवादी कम्युनिस्टाला मान्य व्हायला हरकत नाही. मात्र वडिलांच्या तक्रारीतही तथ्य आहे. १ मे १९६० नंतर डाव्या पक्षांच्या कामात या प्रश्नाची जागा आक्रसत गेली, आणि ज्या पक्षाच्या शाखा सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत तो सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालावर दोन्हीकडे सारख्याच मोठ्या आवाजात बोलत नाही. मामांना हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. त्याच वेळी निपाणीच्या वखारीत मराठी आणि कन्नड बायका एकाच धुरळ्यात बसतात, आणि मालकाने त्यांच्यात भाषेवरून फूट पाडली तर मजुरी दोघींचीही घटते, हे मामांचे म्हणणे वडिलांनी ऐकून घ्यायला हवे.

आणखी एक पंथ आहे, ज्याचे नाव तुमच्या पत्रात नाही आणि जो तुमच्या धंद्याशी थेट जोडलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात दलितांना कामावर घेत नसत, कारण कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी कम्युनिस्ट युनियनवर टीका केली ती याबद्दल : मालकाशी लढता, मग विणखात्याच्या दारात का थांबता? तरीही ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. मार्क्सवादी पक्षातून १९७८ साली बाहेर पडलेल्या शरद पाटील यांनी हा धागा उचलून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. जात ही वर्गाच्या वरचा निव्वळ रंग नाही, वर्गाइतकीच खरी शोषणव्यवस्था आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र वाचले. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण रशिया आणि चीन यांच्या वाटांवर चाललेल्या वादात आपल्या मातीतला प्रश्न त्यांनी ठामपणे ठेवला, आणि मराठी वाचकाने त्यांना वगळून हा विषय वाचू नये.

वाचायचे कसे, हेही विचारले आहे असे मी धरते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या टीकेपासून सुरुवात करू नका. आधी जाहीरनामा, मग मजुरी आणि भांडवल यांच्यावर मार्क्सने १८४९ साली छापलेली सोपी लेखमाला, आणि तिच्यातला हिशेब तुमच्या एका मागाच्या महिन्याच्या बिलावर करून पाहा. त्यानंतर भाकप, माकप आणि लिबरेशन यांचे पक्षकार्यक्रम शेजारी ठेवून फक्त राज्यसंस्थेवरचे भाग वाचा. स्टालिनच्या काळाबद्दल मामा आणि मित्र दोघेही घाईने बोलत असतील, तिथे मात्र थांबा. १९३६ ते १९३८ च्या खटल्यांत लेनिनचे जुने सहकारी गुन्हेगार ठरवून मारले गेले, बुखारिनला मार्च १९३८ मध्ये गोळी घातली गेली. आणि विरोधी विचाराला मोकळीक नसेल तर सार्वजनिक जीवन मरते, असा इशारा लक्झेंबर्गने १९१८ सालीच तुरुंगातून दिला होता. जो कोणी तुम्हाला आपल्या पंथात बोलावील, त्याच्याकडे या इशाऱ्याचे काय उत्तर आहे ते पाहा. माझ्या दृष्टीने हा प्रश्न टप्प्यांच्या वादापेक्षा मोठा आहे.

राहिला सभासदत्वाचा विषय. १९०३ साली रशियन पक्ष बोल्शेविक आणि मेन्शेविक असा दुभंगण्याची सुरुवात झाली ती सभासद कोणाला म्हणावे या एका कलमावरून : लेनिनला पक्षाच्या शाखेत प्रत्यक्ष काम करणारा माणूस हवा होता, मेन्शेविकांच्या मार्तोव्हला पक्षाच्या मार्गदर्शनाखाली मदत करणाराही चालणार होता. मामांच्या पक्षाची रीत लेनिनची आहे आणि तिथे नव्या माणसाला आधी वर्षभर उमेदवार सभासद म्हणून ठेवतात. म्हणून आज अर्ज भरू नका. मामांना सांगा की मी सहा महिने प्रत्येक रविवारी निपाणीला येऊन युनियनच्या कचेरीत विडी वळणाऱ्या बायकांचे प्रॉव्हिडंट फंडाचे अर्ज लिहून देईन, मराठीत आणि कन्नडमध्येही. पहिल्याच रविवारी मित्राला बरोबर न्या. तो मामांशी बोलणार नाही असे म्हणेल. त्याला सांगा की बोलू नको, फक्त अर्ज लिही. आणि तुमच्या दोन कामगारांना तुम्ही काय देता, त्यांचा फंड भरता का, हे वडिलांना विचारून मला कळवा. पुढच्या पत्राची मी वाट पाहते आहे.